माळावरची निंदणी

प्रिय धाकट्या,

फोनवर बोलायला लागलो की आपण भांडतो, म्हणून लिहिते आहे. चहा घेऊन बस आणि मधेच उठू नकोस.

माळ यंदा फुलला आहे. आई वनखात्यात होती तेव्हा हा माळ वाचवायची सरकारी योजना तिनेच नेटाने मंजूर करून घेतली, हे तुला ठाऊकच आहे. कुंपण घातलं, गुरांची वाट वळवली, घाणेरी काढली, उरल्यासुरल्या रानफुलांचं बी गोळा करून पेरलं. ती होती तोवर हाती काही लागलं नाही. "बी झोपलंय गं, मेलं नाही," एवढंच म्हणायची. ती गेली, तिची खुर्ची माझ्याकडे आली आणि त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात निळी फुलं वर आली. वरचे साहेब फोटो काढून गेले. मी मात्र त्या फोटोत उभी राहिले नाही, कारण तोवर ते सुरू झालं होतं.

सकाळी आम्ही पोचायच्या आत कुणीतरी निंदून गेलेलं असतं. एक सरळ पट्टा, हातभर रुंद. तण तेवढं उपटलेलं, मुळं उन्हाकडे करून रचलेलं. दोन पानांवर असताना घाणेरीचं रोप कुठलं आणि निळ्या फुलाचं कुठलं, हे मला अजून भिंगाशिवाय कळत नाही. या हाताची एकदाही चूक झालेली नाही. मुकादमबाई तर माझ्यावरच डाफरली, "मॅडम, भरवसा नसेल तर तोंडावर सांगा, आमच्या मागून कशाला काम करता?" शेवटी एका पहाटे मी स्वतः कुंपणापाशी जाऊन बसले. वारा अजिबात नव्हता. उजाडता उजाडता गवत एका जागी दबलं, कुणी गुडघे टेकल्यासारखं. मग ती दबलेली जागा हळूहळू पुढे सरकू लागली. 'आई' म्हणून हाक मारावीशी वाटली रे. पण तिने ओ दिली असती तर?

गेल्या आठवड्यात पट्टा कुंपणाबाहेर गेला. पलीकडे फुलं येतात, पण ती जमीन योजनेत बसली नाही आणि तू ती हॉटेलसाठी घेतलीस. तिथल्या तुझ्या आखणीच्या खुंट्या उपटून नीट रचून ठेवल्या होत्या. मी माणसं लावून ते करवलं, असं तू सगळीकडे सांगतो आहेस. देवाशप्पथ नाही. पट्टा तिथेही थांबलेला नाही. तो तुझ्या घराकडे वळला आहे.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. म्हणाली, अंगण कुणीतरी लख्ख निंदून गेलंय. आणि हल्ली तू पहाटे दचकून उठतोस, कुणीतरी घोटा धरून पाय हलवतंय म्हणतोस. तू आईबरोबर कधी माळावर आला नाहीस, म्हणून तुला माहीत नसेल. ती तण हिसडा देऊन काढायची नाही. बुडाशी धरायची आणि माती सैल होईपर्यंत हलकेच हलवत राहायची. मुळं खोल असली तर नुसतं हलवून सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. मग एका सकाळी ते अलगद हातात यायचं. धाकट्या, त्या जमिनीचा नाद सोड. हे पत्र खाली ठेवायच्या आत सोड.

तुझ्यावर ओरडायला मागे राहिलेली,
तुझीच
ताई