पहिली टोपली लाभाची

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज अमिषानं बापाकडून शब्द घेतला. मरायचा!

असं नाही म्हणाली ती. ती म्हणाली, "यान चंद्राला फेऱ्या मारून परत समुद्रात उतरेपर्यंत मी सगळं घेईन. गोळ्या, सुई, नळीतलं दूध, सगळं. उतरलं की काही नाही. दवाखाना पण नाही. मग कुणी हट्ट करायचा नाही." परेश, माझा लेक, दाराची चौकट धरून उभा होता. बंदरावर सहा ट्रेलर पळवतो, दिवसभर ड्रायव्हरांना शिव्या घालतो — आणि पोरीपुढे नुसतं "बरं" म्हणाला. तेही जेमतेम ऐकू आलं. सून स्वयंपाकघरात गेली ती गेलीच.

दोन वर्षं झाली. स्कूटर, बंदराचा रस्ता, मागून ट्रेलर. आमचा नव्हता, एवढंच परेशचं नशीब. तेव्हापासून माझ्या नातीला मानेखाली अंग नाही. चोवीस वर्षांची पोर, नुसतं डोकं आणि जीभ. जीभ मात्र माझी घेतलीय. आता पाठीची जखम हाडाला लागली. डॉक्टर म्हणतात, दाखल करा, बघू. 'बघू' म्हणणारे डॉक्टर मी ओळखते. माझ्या नवऱ्याच्या वेळीही बघतच होते.

हे कुणाशी बोलू? म्हणून फोनमधल्या बाईशी बोलते. लाल टिपका लागला की बोलायचं, ती लिहून घेते, माझी बोली सुधारते, तारीखही तीच घालते. अमिषानंच शिकवलं. मला वाचता येत नाही हे बरंच आहे. बोललेलं परत बघावं लागत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

यान खरं नाही. संगणकातलं आहे. पण 'खेळ' म्हटलं की अमिषा चिडते. जुन्या काळच्या यानाची हुबेहूब नक्कल आहे म्हणे. घड्याळसुद्धा खरं — चंद्रापर्यंत तीन दिवस, म्हणजे तीनच दिवस. मध्ये थांबवायचं नाही, चुकलं तर मागे जायचं नाही, असा तिचा नेम. आणि चंद्रावर उतरायचंही नाही! नुसत्या दहा फेऱ्या मारून परत. "एवढे डोंगर चढून देवीच्या दारातून माघारी?" मी म्हटलं. "बाहेरूनच नमस्कार करायचा, आजे."

आधी ती तोंडात काडी धरून कळा दाबायची. आता मानेत जोर उरला नाही. म्हणून माझी बोटं पाहिजेत.

"आईची घे. बापाची घे."

"आई रडते, पप्पा घाई करतात. तुला वाचता येत नाय ते चांगलंय. सांगितलं तेवढंच करशील."

"म्हणजे बैल हाय मी."

"बैल नाय गो. पायलट."

यानाला वाट दाखवणारा एक करडा डबा आहे पडद्यावर. त्याला अक्षरं लागतच नाहीत! नुसते आकडे. आणि आकडे मी ओळखते, मिठागरावर काटा वाचायचे. एक आकडा म्हणजे काय करायचं, दुसरा म्हणजे कशाचं. सोळा — छत्तीस : दाखव — घड्याळ. ना अगं, ना बाई. माझी सासू अशीच बोलायची. खाली तीन ओळी. प्रत्येकीत आधी अधिक किंवा उणे, मग पाच आकडे. ओळ भरली की पक्कं करायची कळ. पस्तीस दाबलं की सगळे दिवे एकदम लागतात, जिकडेतिकडे आठच आठ. दिवाळी! मी चार वेळा लावली. "बस झालं, आजे, डब्याला नवस नाय बोललाय."

दिवसभर सराव. ती आकडा सांगते, मी तो परत बोलते आणि दाबते. मिठाच्या टोपल्या मोजताना असंच करायचो. फक्त मी एकाला 'लाभ' म्हणते. लाभ, दोन, तीन. रास उचलताना पहिल्या टोपलीला एक म्हणत नाहीत. आणि ती पहिली टोपली रिकामी कधी ठेवायची नाही — मीठ संपलं तरी मूठभर टाकायचंच. अमिषा हसली. किती दिवसांनी! "यानाला लाभ कळत नाय, आजे. एक म्हण."

म्हणेन बापडी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उडालं. मोठा आवाज, पडदा हलला, मी खुर्ची धरली. परेश बाहेरून ओरडला, "आये, काय फुटलं?" काही नाही रे, तुझी लेक निघाली.

संकष्टीचा उपास होता. चंद्र बघून सोडायचा. बघितला. हात जोडले नाहीत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

एकही आकडा चुकले नाही. त्याचंच दुःख आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

दर दोन तासांनी अमिषाची कूस बदलावी लागते. उजव्या कुशीवर असली की पडदा समोर, डाव्या कुशीवर कपाट समोर, पडदा पाठीला. तेव्हा ती डोळे मिटून आकडे सांगते. सगळं पाठ आहे तिला. मी नुसते हात.

आज मध्येच म्हणाली, "आजे, भरती कधी?" मी म्हटलं, साडेचारला. "फोन न बघता?" फोन कशाला! तिथीची पाऊणपट करायची. आज षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार. माझ्या बापानं पाऊणकीचा पाढा तोंडपाठ करून घेतला होता, शाळेऐवजी. त्या वेळेला उघाडी, म्हणजे बांधाचं दार, उघडायची, खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं. चुकलं तर हंगाम बुडाला.

"म्हणजे तू पण चंद्रावरूनच आकडे काढायचीस."

"मग! तुझ्या डब्याच्या आधीपासून."

मग म्हणाली, "मिठागर दाखव ना एकदा." कुठून दाखवू? तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेत. आमच्या कोंड्या, मीठ पिकवायचे वाफे, त्यांच्याखाली गेल्या.

मला एक कळत नाही. मिठागरावर मी मापात कधी पाप केलं नाही. इथे एक आकडा मुद्दाम चुकवला तर यान भरकटेल, पोर आणखी काही दिवस राहील. बसल्या बसल्या शंभरदा मनात येतं. पण ती आकडा सांगते तेव्हा तिच्या आवाजात जीव असतो. तेवढ्यापुरताच असतो. त्यात माती कशी कालवू?

८ फेब्रुवारी, रविवार

पोहोचलो. चंद्र जवळून काही खास नाही. आमच्या खाडीचा गाळ वाळला की असाच दिसतो.

यान चंद्रामागे गेलं की पाऊण तास कुणाचं ऐकू येत नाही, आपलं कुणाला जात नाही. अमिषा म्हणाली, "मला इथंच बरं वाटतं."

ताप एकशे दोन. जखम बांधायला शिवानी येते, नर्स आहे, गावातलीच. तिला पाठीखाली घालायला स्वच्छ कापड मिळेना, म्हणून कपाटाच्या आरशावरची चादर ओढून घेतली. दोन वर्षं झाकलेला होता आरसा. 'माझं तोंड मला नको' म्हणून अमिषानंच झाकायला लावला होता. आज काही बोलली नाही. बोलायला अंगात राहिलंय काय?

९ फेब्रुवारी, सोमवार

परतीचं इंजिन पेटवलं.

हे काम एकदाच करायचं. चंद्राच्या मागच्या बाजूला, तीन मिनिटं. कुठल्या दिशेला किती जोरानं ढकलायचं ते तीन ओळींत भरायचं. नेमकी तेव्हाच कूस बदलायची वेळ झाली. शिवानी म्हणाली, थांबता येणार नाही, जखम चिघळेल. डाव्या कुशीवर केलं. पडद्याकडे पाठ. म्हणाली, "चालेल. मला पाठ हाय."

पहिली ओळ सांगितली, भरली. दुसरी सांगितली, भरली. तिसरी — "पाच शून्य. त्या बाजूला ढकलायचंच नाय."

"भरलं?"

"भरलं."

मग ती बोलेचना. मला वाटलं, झोप लागली की काय. की आणखी काही... मी तिच्या नाकाजवळ हात धरला. श्वास होता.

"दाब," ती म्हणाली.

पेटवायच्या आधी पाच सेकंद डबा नव्याण्णव हा आकडा लुकलुकवतो. म्हणजे विचारतो — खरंच ना? मी तिच्याकडे बघितलं. नुसती पाठ. परत म्हणाली, "दाब, आजे."

दाबलं. तीन दिवसांनी समुद्रात. आणि मग तिचा शब्द.

आज अष्टमी. सहाला भरती. गेले नाही बघायला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वाट जुळत नाही म्हणते. बाकी बोलत नाही. दूधही घेतलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

माझ्यामुळे झालं.

आज उजव्या कुशीवर असताना तिनं मला आकडे काढून दाखवायला लावले. एक-एक बघितले. मग हळूच म्हणाली, "तिसऱ्या ओळीत पहिला आकडा एक हाय, आजे."

पाच शून्यं म्हणजे माझ्या डोळ्यांना पाच रिकाम्या टोपल्या दिसल्या असतील. पहिली रिकामी कशी ठेवायची? बोट गेलं. लाभ टाकला. विचार नाही केला, देवाशपथ! समोर दिसत होता तो एक, आणि मला चूक वाटलाच नाही. उलट बरा वाटला. शनिवारी मुद्दाम चुकवायचा विचार केला होता मी, तो मोडून काढला — आणि सोमवारी हातानंच दगा दिला. चाळीस वर्षांच्या टोपल्या या बोटांत.

"शेवटचा आकडा असता तर चाललं असतं," ती म्हणाली. "पहिला म्हणजे फार मोठा धक्का. वळवायला इंधन नाय." यान पृथ्वीच्या बाजूनं निघून जाणार, लांब. परत येणार नाही.

"पुन्हा पहिल्यापासून करू. हवं तर मी डोळे बांधून दाबते."

"मागे जायचं नाय, आजे. ठरलंय ना."

परेशला कळलं. माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता त्यानं. "आये, तिला आयुष्यात एवढं एकच पाहिजे होतं!" खरं आहे. ओरड बाबा. मीही मनात तेच ओरडतेय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज उतरायचं होतं. पडद्यावर नुसता काळोख आणि एक निळा ठिपका. कालच्यापेक्षा लहान.

संध्याकाळी शिवानी गोळ्या घेऊन उभी. परेश खाली मान घालून, सून दारात. सगळ्यांनाच वाटत होतं, आता तोंड मिटणार. अमिषानं विचारलं, "यान उतरलं?"

"न्हाय," मी म्हटलं.

"मग दे."

गोळी गिळली. सून भिंतीला टेकून खालीच बसली. परेशला वाटलं, जिंकलो. वेडा आहे! ही शब्दाची पक्की आहे, माझ्यावर गेलीय. यान उतरेपर्यंत घेईन म्हणाली, म्हणून घेतेय. यान उतरणारच नाही. म्हणजे सुटकाच नाही. ना जगणं, ना जाणं. रोज जखम खरवडून काढायची, रोज ताप, रोज नळी. तिनं स्वतःसाठी एक दार ठेवलं होतं, त्याला मी बाहेरून कडी घातली. एक मूठ लाभाची!

१४ फेब्रुवारी, शनिवार

उद्या दवाखान्यात दाखल करणार. डॉक्टर परत म्हणाले, बघू. अमिषा "बरं" म्हणाली — बापासारखंच, जेमतेम ऐकू येईल असं. जखम बांधताना ओरडत नाही, ओठ चावते. आज ओठाला रक्त. ते मी पुसलं. माझ्याच बोटांनी!

१५ फेब्रुवारी, रविवार

गाडी यायची होती दहाला. आठला शिवानी धुतलेली चादर घेऊन आली. मी आरशावर घालायला उठले, तर अमिषा म्हणाली, "राहू दे."

तिला डाव्या कुशीवर वळवलं. मी तिच्याशेजारी बसले. तिच्या उशीच्या कडेला डोकं टेकलं, तिच्या गालाला गाल लावून, ती जिकडे बघते तिकडे बघत. समोर कपाट. आरशात संगणक. अख्खा पडदा, डबा, तिन्ही ओळी. उलट्या — पण एक कुठूनही बघा, एकच दिसतो.

त्या दिवशी ती इथूनच बघत होती. बघून गप्प राहिली. आणि मग "दाब" म्हणाली.