वरच्या दलदलीचे आठ तुकडे

मी, ओसमुंद तारालसन हेगलान, वय चौऱ्याहत्तर, राहणार हेगलान, मंडाल खोरं, हे माझ्या हातानं लिहीत आहे. कुणी भरीस घातलेलं नाही, कुणी बाटली पुढं सरकवलेली नाही. डोकं ठिकाणावर आहे. पायांची खात्री देता येत नाही, पण मृत्युपत्र काही पायांनी लिहायचं नसतं.

कलम १. घर, कोठार, गाई आणि नदीकाठची शेतं मुलगा सालवे याला. कायद्यानं ती त्याचीच आहेत, त्यामुळं मी दिली म्हणून मोठेपणा घेत नाही.

कलम २. माझा चष्मा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या शेतकरीमित्र संघाच्या वर्तमानपत्राचे बारा वर्षांचे अंक आमच्या पाद्रीबुवांना. त्यांनी भर प्रार्थनेत त्या पत्राला सैतानाचा कागद म्हटलं होतं. नंतर मी विचारलं, "वाचलंत का बुवा?" तर म्हणाले, "वाचायला लागतंय कशाला?" आता निदान चष्म्याची सबब उरणार नाही.

कलम ३. मिळकतीचा चौथा हिस्सा हवा त्याला द्यायची कायदा मला मोकळीक देतो. त्यात मी वरची दलदल धरतो. सालवेला तिथं चर खणून ओट पेरायचे आहेत. परवा जेवताना तो म्हणाला, "बाबा, बेडकांना मतं वाटून झाली असतील तर जमीन कसू द्या की!" मी म्हटलं, "तुझं मत तुला पाळण्यात मिळालं. टोनेस तीस वर्षं आपलं गवत कापतोय, त्याला कधी मिळायचं?" तो लापशी ढवळत बसला.

आमच्या देशात नावावर जमीन असेल तर मत मिळतं. ती जमीन कोरडी हवी, असं राज्यघटनेत कुठंही लिहिलेलं नाही; मी तीनदा वाचून पाहिलं. म्हणून दलदलीचे आठ तुकडे करावेत. सात तुकडे आमच्या सात कुळांना, एकेकाच्या नावावर. पुढच्या वर्षी निवडणूक आहे, त्याआधी नोंदी व्हाव्यात. मतदाराला लागते ती घटनेची शपथ प्रत्येकानं घ्यावी आणि मत हवं त्याला द्यावं. मेलेल्या माणसाची भीड धरू नये.

पहिला तुकडा टोनेसचा. तो त्याला मी मागच्या निवडणुकीआधीच दिला होता, पण हद्दीला बर्चचे आखूड खुंट मारले, ही माझी चूक. बर्फ वितळल्यावर ते बुडाले. मतदारांची यादी तपासायला फौजदार आले आणि म्हणाले, "दाखव तुझी जमीन." टोनेस कंबरेपर्यंत आत शिरला. "ही काय साहेब, मी उभा आहे तीच!"

"आणि हद्द?"

"ती माझ्याही खाली गेलीय, साहेब."

सगळे हसले, मीही हसलो. फौजदारांनी यादीतून त्याचं नाव खोडलं. टोनेस चिखलानं माखलेला, सगळ्यांच्या पुढं एकटाच घराकडं चालत निघाला. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. या वेळी खुंट पाइनचे, डांबर लावलेले आणि सहा हात लांब असावेत. ते कोठारामागं रचून ठेवले आहेत.

कलम ४. आठवा तुकडा मुलगी गुनवोर हिला. ते आखूड खुंट मी मारत होतो तेव्हा ते धरून तीच चिखलात उभी होती. तिनं विचारलं, "बाबा, माझा कुठला?" मी म्हणालो, "तुला गं कशाला? बेडकं मोजायला?" मी हसलो म्हणून तीही हसली. बारा वर्षं मी सभांतून सगळ्यांच्या हक्कांवर घसा कोरडा केला आणि घरातलंच माणूस मोजायला विसरलो. पोरी, माझं चुकलं. तीन बर्च उभे आहेत तो सगळ्यात कोरडा तुकडा तुझा. आज कायदा बाईला मतदारांत धरत नाही. उद्या धरेल, याबद्दल मला तिळभर शंका नाही. त्या दिवशी तुला जमीन शोधत फिरायला लागू नये.

हे वाचून दाखवलं आणि खालील दोघांसमोर सही केली.

ओसमुंद तारालसन हेगलान

साक्षीदार: गुनवाल्ड ओमुंडसन, शाळामास्तर
साक्षीदार: तारिए निल्सन, होडीवाला

हेगलान, २९ सप्टेंबर १८८१

मी, सालवे ओसमुंदसन, हजर होतो, ऐकलं. मला हे पटलेलं नाही. खुंट मात्र मीच ठोकीन. सहा हातांचे खुंट गुनवोरच्या हातानं पुरेसे खोल जायचे नाहीत, आणि तिच्या तुकड्याचे तर मुळीच बुडता कामा नयेत.