मागच्या छपरातली थप्पी

सक्करदरा, नागपूर
मे १९७९

प्रिय शामला,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल पोस्टमनने आपल्या जळणाच्या टालीवर आणून दिलं अन् मी ते लाकडं तोलायच्या काट्यापाशी उभ्याउभ्याच वाचलं. आधी हे सांगून टाकतो की तुझा बाप धडधाकट आहे. भाकरी पचते, झोप लागते, कुऱ्हाड उचलवते. तू मात्र सगळं पत्रभर माझ्या तब्येतीसाठी रडलीस, अन् अगदी शेवटी, कागद संपता संपता लिहिलंस की बाळंतपण भिलाईलाच करायचं ठरतं आहे, नणंदबाई सगळं पाहणार आहेत, आई नसलेल्या घरी येऊन बाबांना कशाला त्रास. त्या शेवटच्या ओळींचं उत्तर मीही शेवटीच देईन. आधी माझ्या मरणाचं काय ते पाहू.

गोपिकाबाईने तुला कळवलं ते प्रेमापोटी कळवलं, तिला रागावू नकोस. भिंतीला भिंत लागून राहणारी बाई, तुझ्या आईच्या माघारी तीच माझ्याकडे लक्ष ठेवून असते. जरा जास्तच ठेवते, एवढंच.

झालं असं. होळीच्या सुमाराला जंगल डेपोच्या लिलावातला माल आला. लिलावात चांगल्या लाकडासोबत वाईटही पदरात पडतं, वरातीत रुसणारे पाहुणे येतात तसं. शेजारचे आरा मशीनवाले आनंदराव आले, एकेका ओंडक्यावर बोटाची गाठ आपटत फिरले अन् म्हणाले, “भैयाजी, याच्यातून एक फळी निघत नाही गा. हा पोकळ, तो पिळलेला, अन् या धावड्याले तर अंगभर गाठीच गाठी. माझा आरा मोडून टाकान तुमी.” मी म्हटलं, “तुमच्या आऱ्याने नाकारलं म्हणूनच ते माझ्या दारी आलं.” खरंच आहे ना पोरी? ज्याची चौकट होत नाही, खाट होत नाही, त्या लाकडावरच आपलं घर चाललं. सरळ सागवानाने अर्ध्या नागपूरच्या घरांना दारं दिली असतील, पण त्या दारांच्या आत भात शिजवला तो वाकड्या लाकडाने.

तो गाठाळ धावडा मी अन् आपल्या टालीवरच्या कवडूने मिळून फोडला. कवडू म्हणाला, “तुमी बसा, मी पाहतो,” पण मी ऐकलं नाही. गाठाळ लाकडाशी जबरदस्ती चालत नाही, तुला आठवत असेल. वाळताना त्याच्या टोकाला एखादी भेग पडलेली असते. तिच्यात पाचर धरायची, घणाचा हलका टोला द्यायचा अन् थांबायचं. ओंडका आतून कुरकुरतो, मग कुठून फुटायचं ते तोच सांगतो. गाठींना हात शेवटी. तुझी आई म्हणायची, भैयाजी माणसांशी असे वागले असते तर मी देव्हाऱ्यात त्यांचाच फोटो ठेवला असता.

फोडलेलं सगळं लाकूड मी विकायला काढलं नाही. मागच्या छपराखाली, जिथं पावसाची झड येत नाही, तिथं थप्पी लावली. खाली विटा मांडल्या, वाळवी चढू नये म्हणून राख पसरली अन् पहिल्या लाकडाला हळदकुंकू वाहिलं. इथूनच घोटाळा सुरू झाला. वैशाखातल्या लग्नांचे आचारी सुक्या लाकडासाठी चकरा मारून राहिले होते. एकाने तर मागच्या छपरात डोकावूनच पाहिलं. “काहून गा भैयाजी, एवढं सुकं जळण हाय अन् नाही म्हणता? कोणासाठी ठेवून राहिले?” मी म्हटलं, घरचं आहे. हे गोपिकाबाईने ऐकलं, कुंकू पाहिलं, अन् तिचा चेहराच उतरला.

कारण तुझे आजोबा तुला आठवतात ना. म्हातारपणी त्यांनी याच छपराखाली स्वतःच्या चितेची लाकडं काढून ठेवली होती. टालवाल्याने शेवटचं जळण दुसऱ्याच्या टालीतून आणावं यासारखी नाचक्की नाही, म्हणायचे. पण दर पावसाळ्यात सुक्या लाकडाला गिऱ्हाईक आलं की त्यांच्याच्याने राहवत नसे, ते आपली चिता विकून टाकत अन् दिवाळीनंतर नवीन रचत. असं करत करत म्हातारा कितीतरी वर्षं जगला. म्हणून सगळ्या मोहल्ल्याने धरून घेतलं की आता भैयाजीचीही तयारी झाली. कोणी संत्र्यांचा मुरब्बा आणून दिला, मी खाल्ला. मशीनच्या आवाजामुळे जन्मभर ओरडून बोलणारे आनंदराव माझ्याशी देवळात बोलल्यासारखे हळू बोलू लागले. गोपिकाबाईने डोळ्याला पदर लावून तुझ्या आईचं नाव काढलं, “देवकीची लई आठवण येते का?” आठवण येतेच, त्यात खोटं काय. मी मान हलवली, अन् तिने घरी जाऊन तुला पत्र टाकलं.

मी कोणाला काही सांगितलं नाही, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. एकटा कवडू काही विचारत नव्हता. परवा बिडी विझवत म्हणाला, “लोक येडे हायेत. वीत वीत लाकडावर कोणी माणूस जाळते का? चितेले लांब लाकूड लागते.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “हे न्हाणीतल्या चुलीचं माप हाय.” मी म्हटलं, काम कर आपलं.

तुझी आई मोहल्ल्यातल्या लेकींची बाळंतपणं करायची तेव्हा जळण निवडायला स्वतः टालीवर यायची. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. दोन लाकडं घेऊन एकमेकांवर आपटायची. टणटण वाजलं की ठेवायची, भदभद वाजलं की माझ्याकडे फेकायची. सालई नको, ठिणग्या उडवते, बाजेखालच्या शेगडीला चालत नाही. पळस नको, नुसता धूर, लेकराचे डोळे चुरचुरतात. धावडा दे, म्हणायची, निखारा सकाळपर्यंत राहतो अन् आवाज करत नाही, बाळंतिणीची झोप मोडत नाही. मी हे सगळं तेव्हा हसण्यावारी नेलं. पण कानात राहिलं होतं.

तर ऐक आता. तुझी बातमी आली त्याच दिवशी मी त्या धावड्याला पहिली पाचर लावली. ती थप्पी माझी नाही, तुझी आहे. तुझ्या अन् लेकराच्या न्हाणीची, सव्वा महिन्याची. कौसल्या मालिशवालीला विचारून ठेवलं आहे, जन्मल्यावर तुला पहिलं न्हाऊ घालणारी तीच, हाताची ताकद अजून तशीच आहे. डिंकाचे लाडू मी तिच्याकडून शिकतो आहे. पहिला घाणा असा झाला की कवडू म्हणाला, “भैयाजी, हे पाचर म्हणून चालते.” दुसरा बरा झाला. नणंदबाईंच्या घरी गॅस आहे, सोय आहे, त्यांचे हात मायेचे आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझा नमस्कार सांग. पण आई नाही म्हणून माहेर नाही असं पुन्हा लिहू नकोस बाई. आईला जे येत होतं ते सगळं मला येत नाही, पण पाणी तापवता येतं. काल संध्याकाळी दोन लाकडं आपटून पाहिली, टण वाजली. जावईबापूंना, केशवरावांना विचार अन् गाडी कळव, मी स्टेशनवर येतो. पाऊस तोंडावर आहे, गिऱ्हाईक दारात उभं राहील, अन् मी तर आपल्या बापाचाच लेक आहे. मला ती थप्पी विकायला लावू नकोस.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बाबा