फ्लेक्सवर चेहरा माझा, नाव तुमचं

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
रविवार

आदरणीय सुरेखावहिनींस,

रत्नमालेचा सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत ठीक असेलच. बँकॉकला स्नूकरच्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या आठ बायकांत खेळून आलेल्या माणसाची तब्येत बिघडायला कारण काय? इकडं दादा खुशाल आहे (तुमच्या नावानं आलेले पेढे त्यानंच संपवले). माझं विचाराल तर पित्त वाढलंय. डॉक्टर म्हणतात तिखट कमी करा. मला कारण ठाऊक आहे, पण ते तिखट नव्हे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही मध्येच हसाल, आणि ते मला सोसायचं नाही. म्हणून तुमच्या पुण्याच्या शिबिराच्या पत्त्यावर हे लेखी पाठवते आहे.

वहिनी, हर्सूलच्या त्या क्लबात क्यूची काठी हातात धरणारी पहिली बाई मी. सगळे पुरुष खेळ सोडून माझ्याकडं बघायचे, म्हणून सोबतीला तुम्हाला नेऊ लागले. तुम्ही बाकावर मेथी निवडत बसायच्या. तिसऱ्या महिन्यात टेबलावर चेंडू लावून गुण मांडणारे मार्कर कचरूमामा तुम्हाला म्हणाले, "तुमीबी मारून बघा की," आणि तुम्ही मेथीचे हात पदराला पुसून लागोपाठ तीन लाल चेंडू खिशात घातले. त्या रात्री मी जेवले नाही. तुम्हाला वाटलं, पोट बिघडलंय. पुढं राज्य स्पर्धेला तुमची निवड झाली, मी क्यू माळ्यावर टाकला, आणि गेली सहा वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारते आहे.

बरं, जळावं असं तुमच्याकडं आहे तरी काय? विमानाचं तिकीट पदरचं, कंपनीतून बिनपगारी रजा, मॅच कँटीनला लागून असलेल्या टेबलावर (नेम धरला की पलीकडं कप पडतो, असं तुम्हीच सांगितलंत), आणि बघायला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त. पुरुषांना टीव्ही, झगमगाट, गळ्याला बो. बायकांच्या मॅचला कुणाचा तरी मोबाइल स्टँडवर टेकवलेला. व्यावसायिक म्हणायचं आणि व्यवसाय दुसराच करायचा. एवढ्याशावर कुणी शहाणं माणूस जळणार नाही. मी जळते. ज्या पंगतीत पानात काही वाढतच नाहीत, तिथंसुद्धा तुम्हाला पाट मिळाला आणि मला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं. मागच्याच्या मागच्या बुधवारी हर्सूलच्या एका मंडळाची पोरं दारात आली. मला बघताच पुढच्यानं वाकून नमस्कार केला. "सुरेखाताई, रविवारी अकराला क्लबात सत्कार. नगरसेवक आप्पासाहेब येणार हायत. फ्लेक्स लागला पण." मी म्हणणार होते की त्या पुण्यात आहेत; तोंडही उघडलं होतं. पण मग त्यानं मोबाइलवर फ्लेक्स दाखवला. दहा फुटी. वर तुमचं नाव आणि 'हर्सूलची वाघीण', खाली फोटो. माझा! (तुमची निवड झाली तेव्हाच्या क्लबाच्या ग्रुप फोटोतून त्यांनी चेहरा कापला, तो माझा निघाला. तुमचा फक्त डावा कान आलाय.) मी तोंड मिटलं. चहा केला. दादा पाळीवर होता, त्याला सांगितलं नाही. मागच्या रविवारी तुमचीच मोरपंखी साडी नेसून गेले. इस्त्री करून परत ठेवली आहे, काळजी नसावी.

शंभरेक माणसं होती. शाल, नारळ, फेटा. आप्पासाहेब पाऊण तास बोलले. त्यांच्या मते तुम्ही तलवारबाजी खेळता. एकाही माणसाला संशय आला नाही, वहिनी! कोपऱ्यात फक्त कचरूमामा उभे होते. ते माझ्याकडं बघत होते आणि पान चावत होते. भाषण संपल्यावर आप्पासाहेबांनी फर्मावलं, "ताईंनी येक डाव दाखवावा." समोर खेळायला कोण, असं विचारल्यावर दोन वेण्यांची एक मुलगी उठली. तनुजा नाव, वय चौदा, चितेगावहून बापाला घेऊन आली होती. मामांनी चेंडू लावले आणि अगदी सावकाश म्हणाले, "सुरेखाबाई, फोडा."

मी फोडले. पांढरा सरळ खिशात. लोकांनी टाळ्या वाजवल्या (त्यांना वाटलं, तिथंच घालायचा असतो). खडू घ्यायला म्हणून ती मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "तुमी त्या नाय."

"कशावरून?"

"त्या मारायच्या आधी दोनदा डोळे मिटतात. मी मोबाइलवर सगळ्या मॅच बघितल्यात. तुमी येकदाबी नाय मिटले."

इथं मला लाज वाटली, असं लिहायला हवं. खरं सांगते, आधी राग आला. शंभर माणसांत तुम्हाला ओळखणारं एक जण निघालंच! लाज नंतर आली, बापाकडं बघून. एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून तो पोरीला तुमचा खेळ दाखवायला आला होता, आणि मी तुमच्या साडीत उभी. मी माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शाल ओढून घेतील. मंडळाचा अध्यक्ष जवळ येऊन म्हणाला, "ताई, आडनाव येकच हाय ना? मग राहू द्या. फ्लेक्स पुन्हा कोण छापतंय." आप्पासाहेब तर निघूनही गेले होते, त्यांना दुसरीकडं कबड्डीचा सत्कार होता.

तनुजानं विचारलं, "मग तुमी कोण?"

"मी सुरेखावहिनींना शिकवलं," मी म्हणाले. कचरूमामांना जोरात ठसका लागला.

"मग नीट खेळा ना," ती म्हणाली.

वहिनी, मी फेटा काढला, पदर खोचला आणि सहा वर्षांनी खेळले. माणसं पांगली, मंडप सोडायला आले, आम्ही खेळत होतो. शेवटी फक्त काळा उरला. मला सोपा होता, मी चुकवला. तिनं लांबून, आडवा, स्वच्छ घातला. मामा म्हणाले, "झकास!" हा शब्द त्यांनी मला कधी दिलेला नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर ती म्हणते, "सुरेखाताई कवा येणार?" म्हणजे आता जळायला मला घरात एक आणि चितेगावात एक झाली. रोज संध्याकाळी क्लबात जाते आहे. पित्त तसंच आहे.

दादाला नमस्कार सांगायचं कारण नाही, तो इथंच आहे. शिबिरात पोटभर जेवा.

तुमची,
रत्नमाला

ता. क. राज्य स्पर्धेचा अर्ज मी भरलाय, या वेळी माझ्याच नावानं. बायकांत नऊच नावं आली आहेत, त्यामुळं पहिल्याच फेरीत आपली गाठ पडायचा संभव आहे. तसं झालं तर घरची म्हणून मला सोडू नका. एवढंच सांगायला पत्र लिहिलं.

ता. क. २. सोडलंत तरी चालेल. फक्त तनुजाला कळू देऊ नका.