हाताळणी सदोष

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता,
वीज वितरण शाखा, चिंचमळा,
(आष्ट्याजवळ), जि. सांगली.

विषय : घरातील संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याच्या तक्रारीवरील शेरा दुरुस्त करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या शाखेचा दि. १२ मार्च २०२४ चा पाहणी अहवाल.

महोदय,

अर्जदार वीरधवल बाळासो खोत हे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून चिंचमळ्यात ऊसशेती करतात. त्यांच्या पत्नी संयोगिता यांचे स्वरयंत्र कर्करोगामुळे मिरजेत शस्त्रक्रिया करून काढावे लागले. त्या पाटीवर लिहीत. परंतु अर्जदारांच्या मातोश्री बयाबाई यांना अक्षरओळख नाही. सासू-सुनेचे बोलणे बंद पडू नये म्हणून अर्जदारांनी संगणक घेतला. संयोगिता टंकायच्या आणि यंत्र ते मोठ्याने वाचून दाखवायचे. पहिल्याच दिवशी यंत्र बोलले, "आत्या, चहात साखर कमी पडली का?" बयाबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग रडल्या.

उपचारांमुळे संयोगिता यांच्या हाताला कंप होता. एक वाक्य जुळवायला त्यांना बराच वेळ लागे आणि ते पुरे होण्याआधीच संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. लिहिलेले सारे जाई. आष्ट्याच्या दुरुस्तीवाल्याने आतला पंखा साफ केला, पॉवर सप्लाय बदलला, मेमरी बदलली, विंडोज नव्याने टाकले. यूपीएस बसवला, तोही टिकटिक करून दम टाकी. शेवटी त्याने यंत्र दुकानात नेऊन दिवसभर चालवले. एकदाही बंद पडले नाही. "मशिन ठणठणीत हाय. तुमच्या घरातली लाईट बघा," असे त्याने सांगितले. शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली की घरातले दिवे मिचकतात, हे तेव्हा अर्जदारांच्या ध्यानी आले व त्यांनी आपल्याकडे तक्रार केली.

आपले कर्मचारी भर दुपारी आले. तेव्हा मोटर बंद होती. त्यांनी मीटर पाहिले, खांबावर कोणी चढले नाही. संगणकापुढे बसलेल्या संयोगितांच्या हाताकडे पाहून त्यांनी शेरा लिहिला : "पुरवठा सुरळीत. ग्राहकाकडील हाताळणी सदोष." तो त्यांनी सर्वांसमक्ष वाचूनही दाखवला. बयाबाईंनी विचारले, "म्हंजी काय रं?" कर्मचारी म्हणाले, "आजी, हात कापतोय, भलतंच बटन दाबलं जातंय."

त्यानंतर संयोगिता संगणकाला हात लावीनात. अर्जदारांनी लय समजूत घातली. संयोगितांनी पाटीवर लिहिले, "माझ्यामुळं महागाची वस्तू बिघडते. नको." सासूशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. नुसत्या जवळ बसून राहात. श्रावणात त्या वारल्या.

दिवाळीनंतर शेजाऱ्यांचा टीव्ही जळाला, तेव्हा आपले वायरमन जोतीराम खांबावर चढले. खाली उतरून ते अर्जदारांना म्हणाले, "आवं दाजी, न्यूट्रलचा जॉइंट जळून ढिला झालाय. मोटर लागली की व्होल्टेज खालीवर व्हतंय. तुमचा कॉम्प्युटर ह्यानंच बंद पडत हुता. वैनींचा काय दोष न्हाई." त्यांनी जोड बदलला. त्या दिवसापासून संगणक एकदाही बंद पडलेला नाही.

अर्जदारांस नुकसानभरपाई नको. कोणा कर्मचाऱ्यावर कारवाईही नको. फक्त तो शेरा खोडून खरे कारण लिहून मिळावे. अर्जदारांनी मातोश्रींना पुष्कळ सांगून पाहिले, पण त्या म्हणतात, "तू नवरा हायस, तू तिचीच बाजू घेनार. सरकारी कागुद खोटा कशाला बोलंल?" गल्लीतल्या बायकांना त्या अजून सांगतात की सुनेचा हात कापायचा म्हणून मशिन बंद पडायचे. त्यात राग नाही, माया आहे. परंतु ऐकवत नाही.

तरी दुरुस्त शेरा गोल शिक्क्यासह व सोप्या मराठीत द्यावा. शक्य झाल्यास तो घरी येऊन, जोतीराम यांच्याकरवी बयाबाईंना मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांना अलीकडे ऐकू कमी येते, म्हणून लवकर यावे, ही विनंती.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,

(सही)
वीरधवल बाळासो खोत
चिंचमळा, दि. २ डिसेंबर २०२४

सोबत : १) पाहणी अहवालाची प्रत. २) जळालेल्या जोडाचे छायाचित्र.