भर गुरुवारी बंद माग

३ नोव्हेंबर, सोमवार
शबनूरला गुरुवारी दुपारी तासभर माग बंद पाहिजेत. जर्मनीची लोकं कॉम्प्युटरवर तिची मुलाखत घेणार हायत, तिकडं संशोधनाला जायला. मी न्हाय म्हटलं — शनिवारी कापडाचे तागे द्यायचेत. इचलकरंजीला मैत्रिणीकडं जा म्हटलं. "अम्मी, तिथं काय माग कमी हायत?"
तागे निमित्त. कोडोलीचं पावणं लग्नाच्या होकाराची वाट बघतायत. मुलगा चांगला हाय. ही तीन वर्षं तिकडं जाऊन बसली तर कोण थांबणार?

४ नोव्हेंबर
तिथं करणार काय, विचारलं. भाकऱ्या होईपर्यंत सांगत बसली. जग सुरू झालं तेव्हाचा हादरा अजून पसरतोय म्हणे. इतका बारीक, की यंत्राजवळनं ट्रक गेला तरी बुडून जातो. जवळचा गोंगाट वजा करत बसायचं, हेच हिचं काम. आणि आभाळात कसला तरी काळा माल हाय — दिसत न्हाय, पण सगळ्या ताऱ्यांना ओढून धरतो.
"म्हंजे सासूच की."
हसली. मग म्हणाली, "तो हादरा अजून कुणालाच सापडला न्हाय, अम्मी."
मग हिलाच कशाला पाहिजे?

५ नोव्हेंबर
शबनूरनं आवाज अडवायला खिडकीला गाद्या लावल्यात. गाद्यांनी काय होतंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
चहा घेऊन गेले तर मुलाखत सुरू. पोरगी दोन्ही हातांनी कान दाबून नुसती "सॉरी, सॉरी" करत होती. पलीकडचं ऐकूच येईना. चहा ठेवला, शेडात गेले, मागांचा मेन स्विच पाडला. आमचा कामगार केरबा म्हणाला, "चाची, तागा अर्धा हाय!" म्हटलं, गप बस.
आमच्या कबनूरच्या गल्लीत सुट्टीचा शुक्रवार सोडून माग थांबतात ते मयत झाली तरच. ध्यानातच न्हवतं. आमचे थांबलेले ऐकून शेजारच्या आकारामनं त्याचे थांबवले. मग पलीकडच्यांनी. बघता बघता गल्ली गप. समोरची शालूबाई तोंडाला पदर लावून दारात. "हुसेनबी, कोण गं?" मी ओठावर बोट ठेवलं. माणसं येऊन ओट्यावर बसली, मीही बसले. खोटं बोलले न्हाय. खरंही सांगितलं न्हाय. आतनं शबनूरचं इंग्रजी — शब्द कळेना, पण आता अडखळत न्हवती.
शबनूर बाहेर आली अन् ओट्यावरची माणसं बघून पांढरीच पडली. "पोरीची मुलाखत होती," मी सांगून टाकलं. आकाराम उठला, टोपी झटकली. "चाची, पुढच्या बारीला खरंच कोण मेलं तर आम्ही यायचं न्हाय." शालूबाई तोवर चहा टाकायला आत.

१७ नोव्हेंबर
जर्मनीनं घेतलं तिला. मला बिलगली, मग हळूच म्हणते, "कोडोलीला काय सांगायचं?"
वाट बघू नका म्हणून सांगितलंय. त्याच गुरुवारी, माग परत सुरू करायच्या आधी.