डावीकडची खुर्ची

४ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तुझं बोलणं मला निम्मं ऐकू येतं, आणि कानातलं यंत्र शिट्ट्या मारायला लागलं की उरलेलंही जातं. पत्रातला माणूस कितीही हळू बोलला तरी नीट कळतं.

आधी महत्त्वाचं सांगतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझी काकू धोक्यातून बाहेर आली. मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली होती. चार दिवसांपूर्वी तिला अतिदक्षता विभागातून मेंदूच्या वॉर्डात आणलं. डावा हात जड झालाय, डावा पाय जरा ओढतो, पण आधाराने उभी राहते. जीभ पूर्ण शाबूत आहे, त्यामुळे माझी खैर नाही. आल्या आल्या मला विचारलं, हा शर्ट इस्त्रीचा आहे की घडीचा.

एक गंमत मात्र झाली आहे, किंवा गंमत कशाला म्हणू. तिला डावीकडचं काही दिसतच नाही. ताटात उजवीकडचं तेवढं खाते आणि वर तक्रार करते की हे लोक पोटभर वाढत नाहीत. केस अर्धेच विंचरते. जन्मभर लोकांचे कपडे बेतून शिवणारी बाई, पण गाऊनची एकच बाही घालते आणि झालं म्हणते. परवा स्वतःचा डावा हात पांघरुणावर पाहून मला म्हणाली, अहो, सिस्टर आपला हात इथेच विसरून गेल्या वाटतं.

पण मी काही उगाच चाळीस वर्षं नकाशे काढले नाहीत. खुर्ची, पाण्याचा ग्लास, चष्मा, रेडिओ, सगळं तिच्या उजवीकडे आणलं. मीही उजवीकडे बसतो. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मी तिला मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या होत्या. ‘पहाट झाली, पाखरे उठली, पाण्यावर आली नाव’ ही ओळ तिने वाचली ती नुसती ‘आली नाव’. मग मी सगळ्या कविता पुन्हा लिहिल्या, कागदाच्या उजव्या कडेला, दोन-दोन शब्दांच्या बारीक ओळींत. आता फडाफड वाचते! खालच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली मुलगी वाचेल तशी.

चष्मेवाल्या सिस्टरांनी आज परीक्षा घेतली. कागदभर आडव्यातिडव्या रेघा असतात, प्रत्येक रेघेवर फुली मारायची. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे वळल्या, तेवढ्यात मी कागद हळूच उजवीकडे सरकवला. बाईसाहेब पहिल्या नंबराने पास! सिस्टर खूश, डॉक्टर खूश. उद्यापासून काठी घेऊन एकटीने बाथरूमला जायची परवानगी, आणि पुढच्या आठवड्यात घरी.

तू तुझ्या वॉर्डातल्या पेशंटना फार दामटू नकोस. आमच्यावरची माया अशीच असू दे, ती कमी पडली तर मागून घेऊ.

तुझा
काका

•

८ फेब्रुवारी

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. अर्ध्यापर्यंत हसले. काकूच्या इस्त्रीच्या चौकशीवर तर मोठ्याने हसले. पुढचं वाचून हातातला डबा तसाच ठेवला आणि आधी तुमच्या वॉर्डात फोन केला. चष्मेवाल्या सिस्टरांशी बोलले. काकूला कुणी सोबत असल्याशिवाय पलंगावरून उतरू देऊ नका, असं सांगितलं आहे. काकांनी कागद सरकवला होता हेही सांगितलं. रागावू नका. म्हणजे रागावा, पण पत्र पूर्ण वाचा.

काका, काकूचे डोळे ठीक आहेत. तिला डावीकडचं दिसत नाही असं नाही. तिचा मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. आपल्या पाठीमागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि काही राहिलंय असं वाटतही नाही, तसं तिचं डावीकडचं झालं आहे. त्यामुळे ती दाराच्या चौकटीवर आदळेल, डावा पाय पायरीच्या कडेला पडेल, आणि तरी मला काही झालेलं नाही म्हणून तुमच्याशी भांडेल. माझ्या वॉर्डात एक बाई होत्या. घरी गेल्या आणि डावा हात गॅसवर राहिला. वास आला तेव्हा कळलं.

ती फुल्यांची परीक्षा पास होण्यासाठी नसते हो. तिला कुठे मदत लागते ते आम्हाला कळावं म्हणून असते. तुम्ही तिचा अर्धा नकाशा झाकून ठेवलात आणि आम्ही समजलो, देश एवढाच आहे.

आता माझं ऐका. लहानपणी शाळेसाठी सात वर्षं तुमच्या घरी राहिले, तेव्हा मी तुमचं सगळं ऐकलं. आता तुमची पाळी. खुर्ची डावीकडे न्या. ग्लास डावीकडे, रेडिओ डावीकडे. तिचा डावा हात हातात घेऊन बोला. कवितेच्या कागदाला डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा आणि सांगा, ही रेघ सापडेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायचं. ती वळली पाहिजे. तिच्यासाठी आपण वळायचं नाही.

रजेचा अर्ज टाकला आहे. आमच्याकडे माणसं कमी आहेत, महिनाअखेरीस मिळेल असं वाटतं.

रागासकट आशीर्वाद पाठवावेत.

तुमची
खारू

•

१३ फेब्रुवारी

चि. खारूस आशीर्वाद.

रागासकट पाठवतो आहे.

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी सिस्टरांनी कागद चिकटपट्टीने टेबलाला डकवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला छडी खाल्ल्यासारखं झालं. डावीकडच्या एकाही रेघेवर फुली नाही. मग घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल छान काढला, शिवणवालीचा हात आहे, पण बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने कोंबले, बस सुटायच्या वेळी लोक दारात स्वतःला कोंबून घेतात तसे. डावीकडे कोरं. मला विचारलं, बरोबर आहे ना? मी हो म्हणालो. सिस्टरांनी नाही म्हटलं.

घरी जाणं लांबलं, एकटीने चालणं बंद. ती संतापली. तुम्हीच चुगली केलीत म्हणाली. मी तुझं नाव सांगितलं नाही.

आणि मग तुझं औषध. खुर्ची डावीकडे नेली. तिचा हात हातात घेतला आणि बसलो. तिला माझी जाणीवच नाही. मी हाक मारली तर उजवीकडे बघते, तिथे मी नाही, मग दाराकडे बघते. दुपारी सिस्टर आल्या तेव्हा त्यांना म्हणाली, आमचे हे आज आले नाहीत का? एरवी असे न सांगता राहत नाहीत. खारू, मी तिच्यापासून हातभरावर होतो. तिचा हात माझ्या हातात होता. सिस्टर म्हणाल्या, आलेत की, बघा डावीकडे. तर म्हणाली, तिकडे काही नाही, तिकडे भिंत आहे.

त्यानंतर ती रडायला लागली. मुकाट, डोळे न पुसता. मला ते बघवेना. उठलो, पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेलो आणि म्हटलं, अगं, हा काय मी. ती एवढी खुलली की काय सांगू.

शाळेत असताना आमचे गुरुजी सांगायचे, कवितेत न सांगितलेलं जास्त असतं, मुलांनो. तेव्हा कळत नव्हतं. तुझ्या औषधात न सांगितलेलं फार आहे, एवढंच म्हणतो.

लोभ आहे, पण आज रुसलेला आहे.

काका

•

१७ फेब्रुवारी

ती. स्व. काकांना सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. स्टाफरूममध्ये वाचायला नको होतं.

हे औषध दुखतं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. आम्ही नातेवाइकांना सांगतो, डावीकडे बसा, आणि पुढच्या पलंगाकडे जातो. तिथे बसणाऱ्याचं काय होतं ते आम्ही बघायला थांबत नाही. तुमच्या पत्रामुळे मी काल पहिल्यांदा थांबून पाहिलं. एका पेशंटचा मुलगा असाच डावीकडे बसला होता, आईला दिसत नसलेला. मी त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसले.

पण काका, एक गोष्ट तुम्हीच लिहिली आहे आणि तुमच्या लक्षात आलेली नाही. ती उजवीकडे बघते, मग दाराकडे बघते. म्हणजे ती तुम्हाला शोधते आहे. तुम्हाला विसरलेली नाही. चुकीच्या बाजूला शोधते आहे, इतकंच. तुम्ही उठून उजवीकडे गेलात की तिचं शोधणं तिथेच संपतं.

नुसती हाक मारू नका, हाक लगेच संपते. बोलत राहा. तुमच्याजवळ कविता कमी आहेत का? माझ्या नववीच्या परीक्षेच्या दिवसांत पहाटे पहाटे म्हणायचात, झोपेचं खोबरं व्हायचं. त्याच म्हणा. आवाज चालू राहिला की मानेला वाट मिळते. मधेच तिचा हात हळूच चोळा, तिचे खांदे तुमच्याकडे थोडे वळवून द्या. आणि ती रडली तरी उठू नका. हे लिहिताना माझाच हात थांबतोय.

ती घरी येईल तेव्हा तिच्यासोबत सगळं घर यावं, अर्धं नको, एवढ्याचसाठी.

रुसलेला लोभही चालेल, पण पाठवत राहावा.

खारू

•

२३ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक अनेक आशीर्वाद.

चष्मेवाल्या सिस्टर म्हणाल्या की हे तुला आज फोनवर मीच सांगते. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, हे मला लिहू द्या.

तू म्हणालीस तसा बसलो. रोज. कविता म्हणत राहिलो, नदीच्या, गुराख्याच्या, हरवलेल्या कोकराच्या, ज्या आता कुठल्या पुस्तकात नसतील त्याही. तिला वाटायचं, रेडिओ लावलाय. सिस्टरांना म्हणायची, आवाज आमच्या ह्यांच्यासारखा आहे, पण हे एवढे अडखळत नाहीत. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचे यजमान, निवृत्त ड्रायव्हर, रोज माझ्याकडे बघून मान हलवायचे. एकदा म्हणाले, आजोबा, आमच्या गाडीत एवढी बडबड केली असती तर पुढच्या थांब्याला उतरवलं असतं.

ती मधे मधे रडली. मी उठलो नाही. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

आज सकाळी मी एका कवितेचं कडवं विसरलो. मधल्या दोन ओळी गेल्याच. मी गप्प झालो. आणि ती चिडून म्हणाली, पुढे काय, पुढे? असं म्हणत आवाज कुठून थांबला ते बघायला निघाली. आधी उजवीकडे. मग समोर. मग हनुवटी हळूहळू, गंजलेलं दार ढकलावं तशी, डावीकडे. सिस्टर ट्रेसकट थांबल्या.

तिने मला पाहिलं. नीट पाहिलं. आणि म्हणाली, अय्या, तुम्ही! कधी आलात?

मी म्हटलं, आत्ताच.

म्हणाली, दाढी करून यायचं होतं.

आणखी काय लिहू? तू ये, तुला ती डाव्या कुशीवरून शिव्या घालेल.

तुला जितका लोभ मागायचा तितका माग.

तुझा काका

•

१९ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

तू येऊन राहून गेलीस. सगळं निभावलंस, माणसं सांभाळलीस, मला औषधं दिलीस. चार दिवस आपण एकमेकांना जेवा-झोपा याखेरीज काही बोललो नाही. निघताना तू दारात उभी राहून काहीतरी म्हणणार होतीस आणि म्हणाली नाहीस. ते काय होतं ते मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. म्हणून लिहितो.

त्या आनंदाच्या पत्रानंतर दोनच दिवसांनी मेंदूत रक्तस्राव झाला. ते कुणाच्या हातात नव्हतं, डॉक्टरांनी आपल्याला सांगितलं. पण तुला वाटतं, तिच्याजवळ एवढेच दिवस होते हे माहीत असतं तर काकांना उजवीकडेच बसू दिलं असतं. त्यातले कितीतरी दिवस ती मी आलो नाही म्हणून रडली. हे खरं आहे. मी खोटं लिहिणार नाही. रात्री जाग आली की मलाही तेच दिसतं, ती दाराकडे बघते आहे आणि मी जवळच आहे.

पण दुसरंही खरं आहे. मी उजवीकडे बसत होतो तेव्हा मी तिला आयता मिळत होतो. त्या सकाळी तिने मला शोधून काढलं, खारू. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कोण कोणाला शोधतं? तिचा तो चेहरा मला तुझ्यामुळे पाहायला मिळाला. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालायला जाऊ नकोस. मी घालून पाहिल्या, काटा थांबत नाही.

आता जे तुला समोर सांगता आलं नाही ते सांगतो. रक्तस्राव झाल्यावर तू इकडे यायच्या गाडीत होतीस. सिस्टर दर थोड्या वेळाने यायच्या, पापणी उचलून बॅटरी मारायच्या, नाव घेऊन हाक मारायच्या, नखावर पेन दाबायच्या. आधी ती कण्हायची. मग तेही नाही. एकदा तपासून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसत उभ्या राहिल्या. तू शिकवल्याप्रमाणे मी विचारलं, सिस्टर, मी कुठल्या बाजूला बसू? त्या म्हणाल्या, आता कुठेही बसा, आजोबा. आता चालेल.

एवढे दिवस ज्यासाठी जीव तळमळला ती मोकळीक मिळाली होती. उजवीकडची जागा रिकामी होती. मी तिकडे पाहिलं.

आणि डावीकडेच बसलो. म्हटलं, वळलीच, तर जागेवर असावं.

तू तुझ्या पेशंटच्या माणसांना डावीकडे बसायला सांगणं सोडू नकोस. फक्त बसणाऱ्याजवळ कधीतरी स्टूल घेऊन थांबत जा.

लोभ दोघांचा होता, आता एकट्याने करतो आहे. उणा वाटला तर सांभाळून घ्यावा.

तुझा
काका